एक सामना, एक कार्ड: हंगाम बघता बघता बेसबॉल कार्डांचा संग्रह कसा करायचा

१२ ऑगस्ट २०२५ ची रात्र. न्यूयॉर्कमधल्या सिटी फील्ड मैदानावर पीट अलॉन्सोने मेट्स ह्या संघासाठी २५३वा होमरन (चेंडू थेट मैदानाबाहेर टोलवणारा फटका) मारला आणि डॅरिल स्ट्रॉबेरीचा २५२ चा क्लबविक्रम मागे टाकला. आम्ही न्यू जर्सीत, घरी टीव्हीसमोर बसलो होतो. मी उठलो, कपाटातून एक खोका काढला आणि लेकीच्या हातात टॉप्स कंपनीचं १९८४ सालचं स्ट्रॉबेरीचं कार्ड ठेवलं. डाव्या कडेला उभ्या अक्षरांत संघाचं नाव, खालच्या कोपऱ्यात त्याचा छोटा चेहरा, बाकी जागेत मैदानावरचा मोठा फोटो. तिने ते उलटलं. मागे मेजर लीगची, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगची, एकच ओळ होती: १९८३, होमरन २६.

"बाबा, म्हणजे तेव्हा ह्याचे फक्त सव्वीसच होते?"

"हो. बाकीचे दोनशे सव्वीस अजून मारायचे होते."

ते कार्ड मी एका प्रदर्शनात दोन डॉलरला घेतलं होतं. त्या रात्री आमच्या घरात त्याच्याइतकी मोलाची वस्तू दुसरी नव्हती.

कार्ड जमवण्याची माझी सगळी पद्धत ह्यातून उभी राहिली आहे. कोणतं कार्ड घ्यायचं हे बाजाराला विचारायचं नाही, हंगामाला विचारायचं. मार्चअखेर ते ऑक्टोबर रोज कुठे ना कुठे सामना असतो आणि प्रत्येक सामना कुठल्या तरी जुन्या सालाकडे बोट दाखवतो. त्या सालातलं परवडेल असं एक कार्ड शोधायचं. दोन-तीन हंगाम हे केलंत, तर शंभराहून जास्त वर्षांचा बेसबॉल एका फोल्डरात येतो, आणि त्यातल्या प्रत्येक कार्डाला तुमची स्वतःची एक तारीख चिकटलेली असते.

पायरी १: एक संघ धरा आणि त्याचे पूर्वज शोधा

मेजर लीगमध्ये ३० संघ आहेत आणि प्रत्येक संघ साखळीत १६२ सामने खेळतो. सगळ्यांचं सगळं जमवायला निघालात, तर जूनपर्यंतच दम संपेल. तुम्ही राहता त्या गावाचा किंवा मनापासून आवडणारा एकच संघ धरा.

मग त्या संघाची वंशावळ काढा. ही पायरी बरेच जण गाळतात, आणि जुन्या काळात शिरायचं दार नेमकं इथे असतं. माझा मेट्स संघ १९६२ साली जन्मला. त्याआधीचं काय? १९५७ च्या हंगामानंतर न्यूयॉर्कमधले दोन संघ, ब्रुकलिन डॉजर्स आणि न्यूयॉर्क जायंट्स, कॅलिफोर्नियाला गेले. मेट्सने डॉजर्सचा निळा आणि जायंट्सचा केशरी रंग उचलला. त्यामुळे १९५७ च्या आधी मला ह्या दोन्ही संघांची कार्डं चालतात. तुम्ही अटलांटात असाल, तर ब्रेव्ह्ज १९५२ पर्यंत बॉस्टनला आणि १९६५ पर्यंत मिलवॉकीला होते. डॅलसच्या बाजूला असाल, तर टेक्सस रेंजर्स हा संघ १९७१ पर्यंत वॉशिंग्टनमध्ये सेनेटर्स म्हणून खेळत होता. मिनेसोटा ट्विन्सही त्याआधीचे वॉशिंग्टन सेनेटर्सच, १९६० पर्यंतचे. ही गावांची साखळी कागदावर लिहून ठेवा, दुकानात गेल्यावर लागते.

ह्याच वेळी महिन्याचा आकडा ठरवा. माझा २५ डॉलरचा आहे. महिना कोरडा गेला तर ते पैसे पुढच्या महिन्यात जमा होतात, पण उधार काढत नाही.

पायरी २: काळ ओळखायला शिका

कार्ड हातात घेतल्यावर साधारण कुठल्या काळातलं आहे हे पाच सेकंदांत कळलं पाहिजे. आकार, कागद आणि मागची बाजू ह्या तीन खुणा पुरतात.

सगळ्यात जुना टप्पा तंबाखूचा. १८८०च्या दशकापासून सिगारेटच्या पाकिटांत खेळाडूंची कार्डं येत. पाकीट मऊ असे, ते चुरगळू नये म्हणून आत पुठ्ठ्याचा तुकडा हवा होता, त्यावर चित्र छापलं की विक्रीही वाढे. १९०९ ते १९११ मधला टी२०६ हा संच ह्यात सगळ्यात प्रसिद्ध. कार्ड जेमतेम दीड इंच रुंद आणि अडीच इंचांहून थोडं उंच. पुढे रंगीत चित्र, खाली तपकिरी शाईत नाव, मागे सिगारेटच्या ब्रँडची जाहिरात. पिट्सबर्गच्या होनस वॅग्नरचं कार्ड ह्याच संचातलं. त्याची एक प्रत २०२२ मध्ये ७२.५ लाख डॉलरला गेली. पण त्या बातमीने घाबरून जाऊ नका. त्याच संचातल्या साध्या खेळाडूचं, कोपरे गोल झालेलं, मधे घडी पडलेलं कार्ड शंभर डॉलरच्या आत मिळू शकतं. माझ्याकडे न्यूयॉर्क जायंट्सचं एक आहे. चार महिन्यांचे पैसे साठवून घेतलं. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी कुणाच्या तरी कोटाच्या खिशात फिरलेला तो तुकडा तळहातावर घेतला, तेव्हा मी बराच वेळ नुसता बसून होतो.

मग च्युइंगगमचा टप्पा. १९३३ साली बॉस्टनच्या गाउडी कंपनीने २४० क्रमांकांचा संच काढला. कार्डं जवळजवळ चौकोनी, जाड पुठ्ठ्याची, भडक पार्श्वभूमीची. बेब रूथची त्यात चार कार्डं आहेत आणि ती आपल्या आवाक्याबाहेरची आहेत. त्यांच्यामागे लागू नका. १९३४ च्या गाउडीबद्दल पुढे सांगतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर बोमन आणि टॉप्स ह्या कंपन्या आल्या. १९५२ चा टॉप्स हा आजच्या कार्डांचा आजोबा: ४०७ कार्डं, मोठा आकार, पुढे संघाचं चिन्ह आणि खेळाडूची सही छापलेली, मागे आकडेवारी. त्याची आखणी साय बर्गर ह्यांनी ब्रुकलिनमधल्या आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर केली. शेवटच्या मालिकेतला न विकलेला माल १९६० मध्ये त्यांनीच पडावात भरून समुद्रात बुडवला. त्या मालिकेतलं मिकी मँटलचं ३११ क्रमांकाचं कार्ड २०२२ मध्ये १.२६ कोटी डॉलरला विकलं गेलं. १९५६ मध्ये टॉप्सने बोमनला विकत घेतलं आणि १९५७ पासून कार्डाचा आकार अडीच बाय साडेतीन इंच असा ठरला. आजही तोच आहे.

एक गोष्ट इथे पक्की लक्षात ठेवा. १९७३ पर्यंत टॉप्सची कार्डं हंगामभर मालिकांमधून येत. शेवटची मालिका दुकानात पोचेपर्यंत मुलांचं लक्ष शाळेकडे आणि फुटबॉलकडे वळलेलं असे, म्हणून ती कमी छापत. त्यामुळे त्या वर्षांतले मोठ्या क्रमांकांचे साधे खेळाडूही महाग असतात. टॉम सीव्हरचं १९६७ चं पहिलं कार्ड ५८१ क्रमांकाचं आहे, ते महाग असण्याचं एक कारण हेही आहे. भाव विचारण्याआधी कार्ड उलटा आणि क्रमांक बघा.

१९८१ मध्ये फ्लीअर आणि डॉनरस ह्या कंपन्या मैदानात उतरल्या आणि टॉप्सची मक्तेदारी मोडली. मग छपाईला सुमार राहिला नाही. साधारण १९८७ ते १९९३ चा काळ अतिछपाईचा. लोकांनी कार्डं गुंतवणूक म्हणून पेट्यांच्या पेट्या जपून ठेवली, आणि सगळ्यांनीच जपल्यामुळे ती आज कवडीमोल झाली. आपल्यासारख्यांना हा काळ वरदान आहे! अपर डेक कंपनीच्या १९८९ च्या संचातलं केन ग्रिफी ज्युनियरचं पहिल्या क्रमांकाचं कार्ड सोडलं, तर ह्या वर्षांतलं बहुतेक सगळं चिल्लर पैशांत मिळतं.

१९९३ च्या टॉप्स फाइनेस्ट ह्या संचापासून रिफ्रॅक्टरचा, म्हणजे उजेडात इंद्रधनुषी चमकणाऱ्या कार्डांचा, जमाना आला, पुढे सामन्यात घातलेल्या जर्सीचा तुकडा बसवलेली आणि क्रमांक टाकलेली कार्डं आली. २०१० पासून लीगचा परवाना एकट्या टॉप्सकडे आहे. दुसऱ्या कंपनीच्या नव्या कार्डात टोपीवर संघाचं चिन्ह दिसत नसेल, तर कारण हे.

पायरी ३: एक जोडी हातात घेऊन बघा

नुसतं वाचून काळ कळत नाही, म्हणून सुरुवात ह्या जोडीने करा: १९६२ चं टॉप्स आणि १९८७ चं टॉप्स. दोन्हींच्या कडा लाकडाच्या रेषांसारख्या छापलेल्या आहेत. १९८७ च्या संचाने १९६२ ची आठवण मुद्दाम जागवली होती.

दोन्हीतलं एकेक मेट्सचं कार्ड शेजारी ठेवा. १९६२ च्या कार्डात फोटोचा उजवा खालचा कोपरा उचकटल्यासारखा दुमडलेला दाखवलाय आणि त्या जागेत नाव आहे. लाकूड गडद तपकिरी, कडा थोड्या घासल्या की पांढरा पुठ्ठा लगेच दिसतो. माझ्या कार्डातल्या खेळाडूच्या डोक्यावर टोपी नाही. लेकीने विचारलं, "ह्याची टोपी हरवली का?" हरवली नव्हती. मेट्स नवाकोरा संघ होता, फोटो काढले तेव्हा खेळाडू अजून जुन्या संघांत होते. दुसऱ्या संघाची टोपी दिसू नये म्हणून बऱ्याच जणांचे उघड्या डोक्याचे फोटो वापरले गेले. तो संघ त्या वर्षी १२० सामने हरला.

आता १९८७ चं कार्ड. फिकट लाकूड, वर डाव्या बाजूला संघाचं गोल चिन्ह, खाली रंगीत चौकटीत नाव. ह्या संचातले मेट्स हे १९८६ चे विश्वविजेते. मुकी विल्सनचं कार्ड घ्या. २५ ऑक्टोबर १९८६ च्या रात्री, वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेच्या, सहाव्या सामन्यात, त्याने मारलेला सरपटी चेंडू बॉस्टनच्या बिल बकनरच्या पायांमधून गेला आणि मेट्स वाचले. पुढचा सामनाही त्यांनी जिंकला.

इथे कार्ड वाचण्याचा मूळ नियमही सापडतो. कार्डावर १९८७ लिहिलेलं असलं, तरी मागची आकडेवारी १९८६ पर्यंतचीच असते, कारण छपाई हंगामाआधी होते. म्हणून एखाद्या हंगामाची आठवण हवी असेल, तर त्याच्या पुढच्या वर्षाचं कार्ड शोधायचं. मेट्सने १९६९ ची वर्ल्ड सिरीज जिंकली, तिची कार्डं १९७० च्या करड्या कडांच्या संचात आहेत.

पायरी ४: हंगामाची दिनदर्शिका भिंतीवर लावा

फेब्रुवारीत पिचर (चेंडू फेकणारे) आणि कॅचर (तो झेलणारे) सरावाला हजर होतात, मेट्स फ्लोरिडात पोर्ट सेंट लुसीला. त्याच सुमारास टॉप्सची पहिली मालिका बाजारात येते, दुसरी उन्हाळ्याच्या तोंडाशी आणि अपडेट नावाचा संच हंगाम संपता संपता. ह्यात पेट्या फोडण्याचा मोह आवरा. आपल्या संघाची सुटी कार्डं एकत्र बांधून मिळतात, त्याला टीम सेट म्हणतात, तो थोडक्या डॉलरांत येतो. पाकीट फोडण्यातली मजा खरी आहे, म्हणून आमच्याकडे हंगामाच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाला एक पाकीट मिळतं. बस्स, एकच.

हेरिटेज नावाचा टॉप्सचा संच मात्र आपल्या कामाचा. त्यात आजचे खेळाडू ४९ वर्षांपूर्वीच्या आखणीत छापतात. २०२५ च्या हेरिटेजला १९७६ चं रूप होतं. नव्यातलं एक आणि खऱ्या १९७६ मधलं एक, असं समोरासमोर लावलं की मुलांना काळाचं अंतर न सांगता समजतं.

१५ एप्रिलला सगळे खेळाडू ४२ क्रमांक घालतात, मेजर लीगमधली वर्णभेदाची भिंत मोडणाऱ्या जॅकी रॉबिन्सनसाठी. रॉबिन्सनची त्याच्या काळातली कार्डं फाटकी असली तरी महाग. मग मी त्याच्या ब्रुकलिनमधल्या सहकाऱ्यांकडे वळतो. १९५६ च्या टॉप्समध्ये आडव्या कार्डावर एक मोठा चेहरा आणि मागे मैदानावरचं दृश्य असतं. ब्रुकलिनने आपली एकमेव वर्ल्ड सिरीज १९५५ मध्ये जिंकली, त्यानंतरचा हा संच. त्यातले कमी नावाजलेले डॉजर्स दहा-वीस डॉलरमध्येही सापडतात.

२ जून हा न्यूयॉर्क यांकीज संघाच्या लू गेहरिगचा दिवस. १९२५ मध्ये ह्याच तारखेला तो पहिल्या बेसवरचा खेळाडू म्हणून कायमचा आला, १९४१ मध्ये ह्याच तारखेला वारला. सलग २,१३० सामने खेळलेला माणूस. त्याचं स्वतःचं कार्ड परवडणार नाही, पण १९३४ च्या गाउडी संचात बहुतेक कार्डांच्या तळाशी एक पट्टी आहे: गेहरिगचा छोटा चेहरा आणि 'लू गेहरिग म्हणतो' अशी ओळ. मागच्या बाजूला त्या खेळाडूबद्दल गेहरिगच्या नावाने चार शब्द. म्हणजे कुठल्याही सामान्य खेळाडूचं झिजलेलं कार्ड घेतलं, तरी गेहरिग घरी येतो, त्याच्या हयातीत छापलेला. ही युक्ती मला एका म्हाताऱ्या दुकानदाराने सांगितली. त्याचे उपकार मानत मी ती पुढच्याला सांगतो.

जुलैच्या शेवटी दोन गोष्टी एकत्र येतात. कूपर्सटाउनला हॉल ऑफ फेमचा, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मानाचा, सोहळा होतो. नावं जानेवारीतच जाहीर झालेली असतात आणि भाव तेव्हाच चढतात, म्हणून अंदाज असेल त्याचं कार्ड आदल्या पानगळीत घ्यावं. दुसरी गोष्ट खेळाडूंच्या अदलाबदलीची अंतिम तारीख. आपल्या संघात कुणी नवा आला की त्याचं जुन्या गणवेशातलं कार्ड शोधा. आणि मागच्या काळासाठी टॉप्सचे ट्रेडेड, म्हणजे संघ बदललेल्या खेळाडूंचे, संच बघा, १९८१ पासून ते वेगळ्या डब्यांतून येत. संघ एखाद्या जुन्या खेळाडूचा क्रमांक निवृत्त करतो तो दिवसही सोडू नका. मेट्सने २०२४ मध्ये ड्वाइट गुडनचा १६ आणि स्ट्रॉबेरीचा १८, २०२५ मध्ये डेव्हिड राइटचा ५ निवृत्त केला. तीन समारंभ, आमच्याकडे तीन कार्डं.

१५ सप्टेंबर हा पिट्सबर्गच्या रॉबर्टो क्लेमेंटेचा दिवस. बरोबर ३,००० हिट्स (यशस्वी फटके) करून, ३१ डिसेंबर १९७२ ला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांना मदत घेऊन जाताना विमान कोसळून तो गेला. १९७३ च्या टॉप्समध्ये ५० क्रमांकाचं त्याचं कार्ड आहे, त्याच्या मृत्यूनंतर मुलांच्या हातात पडलेलं. ह्या एका कार्डासाठी मी महिन्याची मर्यादा ओलांडली, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

ऑक्टोबरात काही घेऊ नका. सामने बघा. ज्याने काल सामना जिंकवला त्याचा भाव आज फुगलेला असतो. नोव्हेंबर ते जानेवारी तो खाली बसतो, तेव्हा यादी बाहेर काढा.

पायरी ५: कुठून घ्यायचं, काय तपासायचं

माझी पसंती कार्ड प्रदर्शनाला. हॉटेलच्या किंवा शाळेच्या सभागृहात टेबलं लागतात. प्रत्येक टेबलाखाली किंवा कडेला एक डॉलरचा किंवा पाव डॉलरचा खोका असतो, तिथे बसून चाळायचं. दुपारनंतर, आवराआवर सुरू झाली की विक्रेते मोकळेपणाने भाव कमी करतात. चार-पाच कार्डं एकत्र घेऊन "सगळ्यांचे मिळून किती?" असं विचारावं. जवळचं कार्डांचं दुकान महिन्यातून एकदा तरी गाठा, दुकानदाराला आपला संघ माहीत झाला की तो कार्डं बाजूला काढून ठेवतो.

ईबेवर घेताना मागितलेली किंमत बघायची नाही, विकल्या गेलेल्या मालाची गाळणी लावून प्रत्यक्ष मिळालेले भाव बघायचे. शेवटच्या पाच-सहा विक्रींची सरासरी धरा, पोस्टेज धरून.

पुण्या-मुंबईहून हे करणाऱ्यांनी कार्डं एकेक मागवू नयेत. काही ऑनलाइन विक्रेते घेतलेली कार्डं आपल्या खात्यावर ठेवून घेतात आणि एकदम पाठवतात, ते स्वस्त पडतं. न्यूयॉर्कचा संध्याकाळी ७:१० चा सामना उन्हाळ्यात तुमच्याकडे पहाटे ४:४० ला सुरू होतो; चहाबरोबर बघण्यासारखी वेळ आहे.

आता तपासणी. बरोबर छोटं भिंग, इंचांची पट्टी आणि त्याच वर्षाचं एक खात्रीचं साधं कार्ड असू द्या. भिंगातून बघितलं की फोटो बारीक रंगीत ठिपक्यांचा दिसतो, ते ठीक. पण नाव, क्रमांक आणि काळ्या रेघा भरीव असायला हव्यात. अक्षरंही ठिपक्यांची दिसली, तर ते कार्ड फोटोवरून पुन्हा छापलेलं आहे. मग आकार: खात्रीचं कार्ड मागे धरा. तपासायचं कार्ड एखाद्या बाजूने बारीकसं कमी भरलं, कडा जुन्या कागदाला न शोभणारी धारदार दिसली, तर कुणीतरी घासलेले कोपरे लपवायला कड कापलेली असते. शेवटी अतिनील दिवा. युद्धापूर्वीच्या कागदात उजळवणारी रसायनं नव्हती. त्या काळचं म्हणून दिलेलं कार्ड दिव्याखाली निळसर पांढरं चमकलं, तर नमस्कार करून परत द्या.

हे सगळं मी चुकांमधून शिकलो. दुसऱ्याच वर्षी एका प्रदर्शनात १९७१ चं, काळ्या कडांचं एक कार्ड दिसलं. त्या संचाच्या काळ्या कडांचे टवके उडतात, आणि ह्या कार्डाच्या कडा मात्र काजळासारख्या अखंड. मी ६० डॉलर मोजले. घरी आल्यावर त्याच वर्षाचं दुसरं कार्ड त्यावर ठेवलं आणि पोटात गोळा आला: उंची कमी होती. उजेडात तिरकं धरल्यावर कडेला पेनाच्या शाईची वेगळी चमकही दिसली. कापलेलं आणि रंगवलेलं. विक्रेत्याने पैसे परत दिले नाहीत. ते कार्ड मी टाकलं नाही. नवीन कुणी संग्रह सुरू करतो तेव्हा त्याच्या हातात खरं आणि हे, अशी दोन्ही देतो.

पायरी ६: ग्रेडिंग कधी करायचं

पीएसए, एसजीसी, बेकेट ह्या संस्था कार्ड तपासून १ ते १० गुण देतात आणि प्लॅस्टिकच्या कडक डबीत सीलबंद करतात. प्रत्येक कार्डामागे खर्च येतो. पाच डॉलरच्या कार्डावर तो करण्यात अर्थ नाही. तुम्ही स्वतः ग्रेडिंगला पाठवण्यापेक्षा, दोनशे डॉलरच्या वरचं किंवा युद्धापूर्वीचं काही घेताना ते आधीच डबीबंद असलेलं घ्या. आणि कमी गुणाचं घ्या. १ किंवा २ गुणांचं टी२०६ कार्ड खरंच असतं, आणि बघायला बहुतेक वेळा गुणांवरून वाटतं त्याहून देखणं.

तरी डोळे उघडे ठेवा. पीएसएने पहिलं ग्रेड केलेलं कार्ड टी२०६ वॅग्नरची एक अप्रतिम प्रत होती. ती कापलेली होती हे २०१३ मध्ये न्यायालयात कबूल केलं गेलं.

पायरी ७: जपणूक

प्रत्येक कार्ड आधी मऊ पातळ पिशवीत, ज्याला पेनी स्लीव्ह म्हणतात, आणि मग गरजेप्रमाणे कडक टॉपलोडरमध्ये किंवा नऊ कप्प्यांच्या पानात. पानं घेताना वेष्टनावर 'पीव्हीसी नाही' असं लिहिलेलं बघा; जुन्या पीव्हीसी पानांतून चिकट द्रव सुटतो आणि कार्ड कायमचं डागाळतं. १९५२ ते १९५६ च्या टॉप्सचा आकार मोठा, ती नऊ कप्प्यांत कोंबू नका, आठ कप्प्यांची पानं मिळतात. तंबाखूच्या कार्डांसाठी लहान पिशव्या वेगळ्या येतात. रबरबँड घरातल्या कुणाच्याही हाती लागू देऊ नका.

दमट हवा हा खरा शत्रू. १९९०च्या दशकातली गुळगुळीत चकचकीत कार्डं गठ्ठ्यात ठेवली तर एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना चेहरा सोलून निघतो. तळघरात किंवा माळ्यावर काहीही ठेवू नये. कोकणात, मुंबईत, गोव्यात संग्रह असेल, तर पावसाळ्यात बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि जूनमध्ये व ऑगस्टमध्ये त्या बदला.

पायरी ८: वही

ही पायरी माझ्या सगळ्यात जवळची. लहानपणी सांगलीत माझ्या आजोबांनी तिकिटांचा अल्बम केला होता. प्रत्येक तिकिटाखाली ते पत्र कुणाचं आलं, कधी आलं, हे शाईने लिहिलेलं. आजोबा गेले, तिकिटांना भाव काही नाही, पण तो अल्बम घरात कुणी टाकू देत नाही.

कार्डांसाठी मी तसंच करतो. फोल्डरच्या शेजारी दोनशे पानी वही. एका कार्डाला चार ओळी: सामन्याची तारीख आणि कुणाविरुद्ध, काय घडलं, कोणतं कार्ड कुठे कितीला घेतलं, बरोबर कोण होतं. स्ट्रॉबेरीच्या कार्डाखाली लेकीने तिच्या अक्षरात फक्त '२६, मग २५२, मग २५३' असं लिहिलंय. मैदानात जाऊन बघितलेला सामना असेल, तर तिकिटाची प्रत छापून त्याच पानावर लावायची.

आणि वहीत एक पान एकाच माणसासाठी ठेवा, जो तुमच्या संघाच्या अनेक काळांतून गेला. माझं पान गिल हॉजेसचं आहे. १९५५ च्या विजेत्या ब्रुकलिनचा पहिला बेसमन, ११ एप्रिल १९६२ ला मेट्सचा पहिला होमरन मारणारा, १९६९ च्या विजेत्या संघाचा मॅनेजर, २०२२ मध्ये, मृत्यूनंतर ५० वर्षांनी, हॉल ऑफ फेममध्ये. १९५६ चं आडवं कार्ड आहे, १९६२ चं लाकडी कडांचं आहे, १९६३ मधलं ड्यूक स्नायडरबरोबरचं आहे, १९६९ चं मॅनेजर म्हणूनचं गेल्या डिसेंबरात मिळालं. पहिला कप्पा मात्र अजून रिकामा आहे. त्यात मी कार्डाच्या मापाचा पुठ्ठा कापून ठेवलाय, त्यावर पेन्सिलने लिहिलंय: टॉप्स, १९५२, क्रमांक ३६.